कार्बोरेटरची बुलेट आणि भावकीतला सौदा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३२. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. रोज जाऊन-येऊन ५४ किलोमीटर, महिन्यातून दोनदा बायकोला घेऊन लातूर. आतापर्यंत १०० सीसीच्या गाडीवर भागवलं. आता जुनी का होईना, रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१८ ची, कार्बोरेटरवाली, चुलतभावाची. तो १ लाख ५ हजार म्हणतो. दुसरी २०२१ ची, एफआय (कार्बोरेटरऐवजी सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणारी, म्हणजे फ्यूएल इंजेक्शनची), लातूरच्या एका शिक्षकांची. ते १ लाख ६० हजारांवर अडून आहेत. आबा म्हणतात, कार्बोरेटरचीच घे, खेड्यात सेन्सरवाली गाडी कोण खोलणार? आमचे मिस्त्रीही तेच म्हणतात. मित्र म्हणतात, लडाखला जायचं तर एफआयच पाहिजे. आबांची स्वतःची बुलेट होती, २०१३ च्या दुष्काळात विकावी लागली. मला मनातून कार्बोरेटरची हवी आहे, कारण तिचा आवाज खरा. पण पैसे घालून पस्तावायचं नाही. काय करू?

---

तुमचं पत्र वाचून पहिला प्रश्न मला पडला तो असा: शिक्षकांची गाडी २०२१ ची म्हणजे नेमकी कोणत्या महिन्याची?

हसू नका. सगळा निकाल या एका प्रश्नावर फिरू शकतो. गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला, त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये क्लासिक ३५० ला इंजेक्शन बसलं. पण इंजिन तेच जुनं होतं, ३४६ सीसीचं. तुमच्या चुलतभावाच्या गाडीत आहे तेच. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये नवी क्लासिक आली. तिचं इंजिन वेगळं, चॅसिस वेगळी, आणि सीसी ३४९. म्हणजे २०२१ मध्ये एकाच नावाच्या, लांबून सारख्याच दिसणाऱ्या दोन वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या. आरसीवर सीसीचा रकाना असतो. तिथे ३४६ आहे की ३४९, एवढं आधी बघा. आरसी हाताशी नसेल तर उजव्या पायाशी बघा: किक असेल तर जुनं इंजिन, किक नसेल तर नवं.

शिक्षकांची गाडी ३४६ वाली निघाली, तर तुम्ही ५५ हजार जास्त देऊन मुख्यतः इंजेक्शन, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि तीन वर्षांचं कमी वय विकत घेताय. ३४९ वाली निघाली तर गोष्टच निराळी. त्या इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. रोज ५४ किलोमीटर बसणाऱ्या माणसाला आणि मागे बसून लातूरला जाणाऱ्या बाईला तो शाफ्ट कार्बोरेटर-इंजेक्शनच्या वादापेक्षा कितीतरी जास्त कळतो. ब्रेकचंही तसंच. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. २०१८ च्या गाडीला ते असेल किंवा नसेल, चावी फिरवून मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो का बघा. पावसाळ्यात घाटात पुढचं चाक घसरतं तेव्हा पेट्रोल कुठून येतंय हे कुणी विचारत नाही.

आता आवाजाचं. तुम्ही लिहिलंय की कार्बोरेटरच्या गाडीचा आवाज खरा. आवाज कार्बोरेटर काढत नाही हो. एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), जड फ्लायव्हील आणि सायलेन्सर, यातून तो ठोका येतो. ३४६ च्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, नव्या ३४९ चा ८५.८. फरक तुम्हाला ऐकू येत असेल तर त्याची एक गोष्ट ही. दुसरी गोष्ट अशी की कार्बोरेटरच्या गाडीचा आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरावं याचा) स्क्रू मिस्त्री लोक मागे फिरवून देतात, मग ती बसल्या जागी धड... धड... करते आणि चौकातले चार जण वळून बघतात. त्या संथ धडधडीत ऑइल पंपही संथच फिरतो, आणि वर हेडपर्यंत ऑइल नीट पोचत नाही. इंजेक्शनची गाडी हा लाड करू देत नाही. मोठ्या आवाजाचा इंदोरी सायलेन्सर लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. एफआय गाडीत सायलेन्सरच्या नळीला ऑक्सिजन सेन्सर असतो, तिथे हात घातला की मिश्रणाचा हिशोब बिघडतो. शिवाय पोलीस तो काढून रोलरखाली घालतात ते वेगळं.

आबांची बुलेट कोणत्या साली घेतलेली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण तुमच्या वयावरून अंदाज करतो की ती जुन्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, इंजिनाची असणार: गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. चावी लावायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबायची, इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा छोटा खटका ओढायचा, मग एक मोकळी, आणि मग अंगाचा भार टाकून खरी किक. चुकली तर नडगीवर उलटा फटका. ती गाडी चालू करणं ही घरात एकट्या आबांना येणारी विद्या होती. चुलतभावाची २०१८ ची गाडी बटणावर चालू होते, गिअर डाव्या पायात आहे, इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. आबांच्या गाडीपासून ती जेवढी लांब, तेवढीच एफआयही लांब. दुष्काळात गेलेली गाडी परत आणायची असेल तर जुनं बिडाचं इंजिन शोधावं लागेल, आणि त्यावर रोज नोकरीला जाणं म्हणजे दर रविवार मिस्त्रीच्या ओट्यावर. तुम्हाला तेच हवं असेल तर तसं लिहा, ते वेगळं पत्र होईल.

आता यंत्राचं बोलू. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारी वाटी. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढतं. भोक ठरलेलं. हवा तापून विरळ झाली, पेट्रोलात दुसरं काही मिसळलं, तरी भोक तेवढंच. इंजेक्शनमध्ये टाकीतच विजेचा पंप असतो, तो साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. हवेचा दाब किती, इंजिन किती तापलंय, मूठ किती पिळलीय, हे सेन्सर सांगतात आणि एक छोटा डबा ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. म्हणजे एकीकडे भोक, दुसरीकडे हिशोब. भोक बुजलं तर तारेने मोकळं होतं. हिशोब चुकला तर तो वाचणारा माणूस लागतो. आबांची भीती या शेवटच्या वाक्यात आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

माझा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, मांजरसुंब्याचा घाट चढताना माझी कार्बोरेटरची गाडी बंद पडली. चोक दिला की चालू व्हायची, चोक सोडला की मरायची. ढकलत वर नेली. पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा मिस्त्री टायरवर बसला होता. त्याने काही विचारलं नाही. पेट्रोलचा कॉक बंद केला, स्क्रूड्रायव्हरने वाटी सोडली आणि तळहातावर उलटी केली. पेट्रोलाखाली बोटभर पाणी, आणि पाण्यात पांढरट शेवाळासारखं काहीतरी. "पेट्रोल यायलंय साहेब, पण सोबत विहीर बी यायलीय," म्हणाला. जेट काढून उन्हाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं, फुंकला, परत बघितलं. वीस मिनिटं, दीडशे रुपये, वर चहा त्याचाच.

त्यानंतर काही वर्षांनी माझी एफआय गाडी लग्नसराईत एका गावी रात्रभर उभी होती. कुणाच्या तरी पोराने चावी फिरवून दिवे लावून ठेवले होते. सकाळी बॅटरी पार बसलेली. ढकलून बघितली, चार जणांनी ढकलली, काही नाही. पंपालाच वीज नाही तर पेट्रोल कोण ढकलणार? शेवटी पाहुण्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावल्या, तेव्हा हलली. हे दोन प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवतो. दोन्ही गाड्या दगा देतात, फक्त तऱ्हा वेगळी.

पण "खेड्यात एफआय कोण खोलणार" हे वाक्य आता शिळं झालंय. २०२० नंतरची प्रत्येक स्प्लेंडर प्लस इंजेक्शनची आहे. तुमच्या गावात दूध घालायला जाणारा, खताचं पोतं आणणारा, बहुतेक त्याच गाडीवर आहे. मग त्या गाड्या कोण दुरुस्त करतंय? तुमचे मिस्त्री करत नसतील तर तालुक्याच्या स्टँडमागचं एखादं पंचविशीतलं पोरगं करत असेल, ज्याच्याकडे मोबाइलएवढा स्कॅनर आहे. त्याला शोधा. आणि इंजेक्शन ही काल आलेली गोष्ट नव्हे. २००९ मध्ये क्लासिक पहिल्यांदा आली तेव्हाच तिच्या ५०० सीसीच्या भावंडाला इंजेक्शन होतं, ३५० ला कार्बोरेटर. अर्थात इंजेक्शन म्हणजे आपोआप पुढचं पाऊल, असंही नाही. बजाजची २२० सीसीची पल्सर २००७ मध्ये इंजेक्शन घेऊन आली, आणि २००९ मध्ये कंपनीनेच ते काढून कार्बोरेटर बसवला. गाडी स्वस्त झाली आणि जोरातही पळाली. तेव्हा मित्रांनाही फार चढू देऊ नका.

मित्रांच्या लडाखबद्दल एवढंच: तिथली खार्दुंगला खिंड साधारण ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवा जवळजवळ अर्धी होते, कार्बोरेटरचं भोक तेवढंच राहतं आणि गाडी काळा धूर ओकत चढते. इंजेक्शन सांभाळून घेतं. खरं आहे. पण तुमच्या ५४ किलोमीटरांत खार्दुंगला लागत नाही. आयुष्यात एकदा जाल त्या रस्त्यासाठी रोजच्या रस्त्याची गाडी निवडू नका. कार्बोरेटरच्या बुलेटा वर्षानुवर्षं तिथे गेल्यात आणि परतही आल्यात.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या उसाची. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या भागातले कारखाने तेच गाळतात, त्यामुळे त्याला नावं ठेवायची तर जपून ठेवावी लागतात! पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत पाणी शिरलं की ते पाण्याला धरून खाली बसतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. एफआयचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून पेट्रोल थोडं वाढवतो. कार्बोरेटरला ओळखता येत नाही. गाडी तापते, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, प्लग काढला तर तो बिस्किटी असायचा तो पांढरा दिसतो. मे महिन्यात ४२ अंशांत हे सगळं अजून वाढतं. यावर इलाज आहे: चांगला मिस्त्री एक नंबर मोठा जेट बसवून देतो. पण असा मिस्त्री पाहिजे जो प्लग बघून जेट ठरवतो. स्क्रू फिरवून "आता बघा" म्हणणारा नको. आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. ई-२० ला चालणारे रबरी पाइप आणि सील असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत. कोणतीही घ्या, पेट्रोलचे पाइप बोटाने दाबून बघा. कडक झाले असतील किंवा भेगा असतील तर आठवड्याच्या आत बदला.

आता माझं मत. रोज कामावर जाणं, मागे बायको, महिन्यातून दोनदा लातूर, आणि स्वतः पाना हातात धरायची हौस पत्रात कुठे दिसली नाही. शिक्षकांची गाडी ३४९ ची असेल आणि परवडत असेल तर ती घ्या. ३४६ ची असेल तर १ लाख ६० हजार जास्त होतात, भाव करा. भाव करताना एक मुद्दा हाताशी ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीने उतरायलाच हवं. शिक्षक माणूस आहेत, गणित ऐकतील.

चुलतभावाच्या गाडीबद्दल लिहायला मन कचरतंय, पण लिहितो. तिच्यात कार्बोरेटर आहे ही अडचण नाही. अडचण ही की ती भावकीतली आहे. परक्याच्या गाडीला तुम्ही खाली वाकून बघाल, सायलेन्सरला हात लावाल, पाच हजार कमी करा म्हणाल. भावाच्या गाडीला नुसतं "चांगलीच असणार" म्हणाल. तीन महिन्यांनी ती धूर मारायला लागली तर बोलायचं कुणाला? दिवाळीला दोन्ही घरं एकाच अंगणात. आणि उलटंही होतं: तुम्ही गाडी नीट ठेवलीत, भाव वाढला, की "आमच्याकडून फुकटात नेली" हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं. तरीही घ्यायचीच असेल तर परक्याची समजून घ्या. तुमचा नव्हे, त्याला न ओळखणारा मिस्त्री सोबत न्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देण्याआधी. कर्जावर घेतली होती का विचारा. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, सातबाऱ्यावरचा उतरवतात तसाच. २०१८ ची म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, तिला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा. हे सगळं मागताना भाऊ चिडला तर सौदा तिथेच मिटवा, नातं तरी राहील.

ज्यांना अशीच कोणतीही गाडी बघायला जायचंय त्यांच्यासाठीही सांगतो: सकाळी लवकर जा आणि फोन न करता जा. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाने ती तुमच्यासाठी तापवून ठेवलीय, चहा पिऊन परत या. थंड इंजिनावरच खरं कळतं. कार्बोरेटरची गाडी चोकवर चालू करा, मिनिटभराने चोक सोडा, आयडलिंगवर टिकते का बघा. टिकत नसेल तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलेला असू शकतो, ते फार महाग नाही. मूठ पिळूनही गाडी वर उचलत नसेल तर आतला रबरी पडदा फाटलेला असू शकतो. वाटीच्या खालच्या पाइपमधून पेट्रोल ठिबकतंय का बघा. एफआय असेल तर चावी फिरवून बटण न दाबता कान द्या. टाकीतून दोन-तीन सेकंद झूं असा आवाज आला पाहिजे, तो पंप. इंजिनाचा पिवळा दिवा चावीला लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलाय, अशी गाडी सोडा. दोन्हींत टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत विटकरी रंग दिसला तर तो गंज, कार्बोरेटरमध्ये तो वाटीत उतरतो आणि इंजेक्शनमध्ये पंपाच्या जाळीत. वाटी दीडशे रुपयांत साफ होते, पंप काही हजारांत बदलतो.

पुण्याला नोकरीला असणारे आणि गाडी गावाकडे झाकून ठेवणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी वेगळं. कार्बोरेटरची असेल तर जाताना कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करा, आतलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर दिवाळीला परत याल तेव्हा जेटमध्ये डिंक बसलेला असेल. एफआय असेल तर टाकी भरून ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

आणि एफआय घेतलीत तर एक सवय मोडावी लागेल. कार्बोरेटरच्या गाडीत रिझर्व्हचा कॉक असतो, गाडी गचके खाऊ लागली की डाव्या हाताने फिरवायचा आणि पुढचा पंप गाठायचा. तुमच्या १०० सीसीवर तुम्ही हे कित्येक वर्षं केलं असणार. इंजेक्शनच्या गाडीत कॉकच नाही, फक्त मीटरमध्ये दिवा लागतो. टाकीतला पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, कोरडा फिरला तर जळतो. दिवा लागला की त्याच दिवशी भरा. आणि गावातल्या किराणा दुकानातली बाटली घ्यायचीच वेळ आली, तर आधी ती उन्हाकडे धरून तळाला पाणी दिसतंय का बघा, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने जेट धरला होता तसंच.